गोदामायचं दावं

असे किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. कोनाड्यात तुटकी फणी, सुटं बटण, एका पायातलं जोडवं साचत जातं, तसे ते साचतात. आमच्या गल्लीत शेंगा फोडायला बायका जमल्या की कुणीतरी म्हणतंच, "अगं, त्या हेल्गाचं सांग की." मग मी सांगते. सुरुवातीला सगळ्या हसतात.

*

बहात्तरचा दुष्काळ. तेर गावाच्या पुढं आमचं गाव. गावात नवी दूध सोसायटी निघालेली. चेअरमन होते, पाटी होती, दूध तेवढं नव्हतं. त्यात चेअरमननी बातमी आणली की परदेशातून एक पाहुणा शेतीवर बिनपगारी काम करायला येणार. लोकांना वाटलं, मोठा साहेब असेल, बरोबर बोअरिंगची मशीन आणेल.

एसटीतून उतरली एक उंच, पिवळ्या केसांची पोरगी. डेन्मार्कची. पाठीवर एक पिशवी.

मी तेव्हा नवी सून, पण मॅट्रिक झालेली, म्हणून दुभाषी मीच. चेअरमन म्हणाले, "वहिनी, विचारा हिला, काय काय येतं?"

मी इंग्रजी जुळवून जुळवून विचारलं आणि सांगितलं, "धार काढता येते म्हणते. यांच्या घरी गोठाभर गाई आहेत."

चेअरमननी टोपी काढून डोकं खाजवलं. "झालं मग. धार काढणारी आली. आता सोसायटीला फक्त गाईच कमी हायती."

*

हेल्गाला ठेवलं माझ्या शेजारी, गोदामायच्या घरी. गोदामाय एकटी. लेकी सासरी, नवरा जाऊन वर्षं झालेली. गोठ्यात एक देवणी गाय, बांडी. गोदामायच्या सासूच्या गाईच्या पोटची ही वेल. त्या गोठ्यातला खुंटा कधी रिकामा राहिला नाही, हा म्हातारीचा एकुलता एक अभिमान.

पहिल्या सकाळी हेल्गा अंघोळीला बसली. तिच्या देशातला वासाचा साबण, भरपूर फेस. गोदामाय तिथंच उभी. मला म्हणाली, "हिला सांग बाई, साबण लावू नगं."

"का हो माय?"

"खाली घंगाळ ठेवलंय. ते पाणी बांडी पिती."

मी सांगितलं. हेल्गानं हातातल्या साबणाकडं बघितलं आणि तो कागदात गुंडाळून ठेवला. पुढं कधी काढला नाही. गोदामाय मात्र सगळ्यांना सांगायची, "पोरगी लई गुणाची. नुसत्या पाण्यानं बी गोरीच निघती."

*

आमच्याकडं त्या दिवसांत कुणी "जेवलात का?" विचारलं, की "व्हय, आत्ताच जेवलो" म्हणायचं. पोटात काही असो नसो. विचारणाऱ्याच्या टोपल्यात तरी काय असायचं!

हे हेल्गाला कुठून कळणार? गोदामाय रोज म्हणायची, "म्या मघाच जेवले, तू खा." आणि ही खायची. एकदा तिनं मला विचारलं, "माय कधी जेवते? मला तिची ताटली ओली दिसत नाही." मी खरं ते सांगितलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गोदामायनं ताट केलं, तर हेल्गा आपल्या मोडक्या मराठीत म्हणाली, "म्या मघाच जेवले."

"कुठं जेवलीस?"

"तिकडं. तू खा."

"म्या बी जेवले."

दोघी हट्टाला पेटल्या. भाकरी तशीच राहिली. सकाळी मी विस्तव मागायला गेले, तर ती भाकरी बांडी खात होती आणि दोघी उपाशी तिच्याकडं बघत बसलेल्या.

*

मग कडबा संपला. छपरावरचं पाचट काढून घातलं, तेही संपलं. बांडीची हाडं मोजता यायला लागली. शेवटी सोलापूरकडचा व्यापारी आला. त्याच्याकडं चारा होता, म्हणजे तो तरी तसं म्हणाला.

गोदामायनं बांडीला भाकरीचा तुकडा भरवला. पाठीवरून हात फिरवला. गळ्यातलं दावं सोडून घेतलं, उंबऱ्यावर ठेवलं. व्यापाऱ्यानं आपला दोर बांधला. गाय दारातून निघाली तशी म्हातारी पाठ फिरवून उभी राहिली.

हेल्गा विहिरीवरून आली, तेव्हा गाय वळणावर गेलेली आणि दावं उंबऱ्यावर पडलेलं. तिला वाटलं, व्यापारी विसरला. उचललं आणि पळत सुटली. धापा टाकत परत आली, चेहरा खुललेला. "माय, दिलं त्याला!"

गोदामाय रिकाम्या खुंट्याकडं बघत राहिली.

आमच्याकडं जनावर विकलं तरी दावं देत नाहीत. दावं घरात राहिलं, तर त्याच्या मागं दुसरं जनावर गोठ्यात येतं, असं मानतात. मी हे हेल्गाला समजावून सांगितलं. दुसऱ्या दिवशी मला घेऊन ती बाजारात गेली. व्यापारी सापडला. गाय पुढं गेलेली.

"दावं? ते तिच्याच संगं गेलं की," तो म्हणाला.

गोदामाय कुणावर रागावली नाही. एवढंच म्हणाली, "आता खुंटा रिकामाच ऱ्हायचा."

*

हेल्गानं घायपात कुटून दोराचा वाख काढायला शिकून घेतलं. हात सोलवटले, पण एक दावं वळलं आणि गोदामायपुढं ठेवलं.

म्हातारीनं ते ओढून बघितलं. "वळलंय झ्याक. पर कोरं हाय लेकरा. ज्यानं कुणाला बांधलंच न्हाय, ते कुणाला आणणार?"

तेव्हापासून हेल्गा ते दावं स्वतःच वापरायची. विहिरीवर पोहऱ्याला, सरपणाच्या मोळीला, कधी कमरेला.

*

तिची जायची वेळ आली. थांब्यावर सगळी गल्ली आलेली. तिची वळकटी त्याच दाव्यानं बांधलेली. कंडक्टर ती टपावर चढवणार, एवढ्यात गोदामाय पुढं झाली.

"थांब रं बाबा."

ती खाली बसली. दातानं गाठ सोडली, दावं काढून घेतलं आणि आपल्या लुगड्याची चिंधी फाडून वळकटीला बांधली.

"आजी, चिंधी टिकंल व्हय? दोर ऱ्हाऊ द्या की," कंडक्टर म्हणाला.

"तू तुझी गाडी बघ."

मग तिनं पदराच्या गाठीतून भाकरीचा तुकडा काढला आणि हेल्गाला भरवला. पाठीवरून हात फिरवला.

गाडी हलली. हेल्गा खिडकीतून हात हलवत होती. गोदामाय दावं खांद्यावर टाकून, गाडीकडं पाठ करून, घराच्या वाटेला लागली होती.