शिवाप्पा आण्णांची बाइट

"हे उखड सगळं," सर म्हणाले आणि पुढच्या खुर्चीकडे गेले.

माझ्या खुर्चीत शिवाप्पा आण्णा बसले होते. सत्तरीचे, कागलजवळच्या खेड्यातले, तोंडात एकही दात नाही. नव्वदच्या दशकातली गोष्ट. डेंटल कॉलेजात फायनल इयरला प्रत्येकाला ठरावीक कवळ्या कराव्या लागत. आम्ही त्याला कोटा म्हणायचो. आण्णा माझ्या कोट्यातले शेवटचे.

कवळी एका दिवसात होत नाही. आधी हिरड्यांचं माप घ्यायचं. मग मेणाच्या पट्ट्या तोंडात ठेवून दोन्ही जबडे एकमेकांवर कसे बसतात ते नोंदवायचं. ती बाइट. त्यावरून मेणात दात लावून तोंडात बसवून बघायचे, आणि मगच पक्की कवळी. त्या गुरुवारी बसवून बघितलं, तर खालचे दात वरच्यांच्या पार मागे.

का, ते मला ठाऊक होतं. दात नसलेली माणसं जबडा पुढे काढून तोंड मिटतात, म्हणून बाइट दोन-तीनदा तपासायची असते. मी एकदाच तपासली होती. त्या दिवशी चार वाजता गॅदरिंगच्या नाटकाची तालीम होती. सकाळी लेक्चर, मग क्लिनिक, मग तालीम, उरलेल्या वेळात अभ्यास. हे सगळं मला झकास जमतंय, असा माझा समज होता.

मी सरांच्या मागे गेले. "सर, रविवारी यांच्या नातीचं लग्न आहे."

"मग त्यांना तूच सांग."

मी स्टूल ओढून आण्णांसमोर बसले. "आण्णा, माझी चूक झाली. घाई केली मी. परत करावं लागेल."

"म्हंजे लग्नात बोळकंच व्हय?"

"नाही. शनिवारी नक्की देते. पण उद्या आणि परवा, दोन्ही दिवस यावं लागेल."

आता सगळ्या क्लिनिकला ऐकू जाईल असं बोलणार, असं मला वाटलं. ते म्हणाले, "येतो की. पर आता घाई नगं करूस, पोरी."

लगेच नवी बाइट घेतली. "जीभ मागं टाळूला लावा आणि मिटा," असं मी त्यांना पाच वेळा करायला लावलं. पाचही वेळा जबडा एकाच जागी आला.

नाटक त्याच गुरुवारी संध्याकाळी होतं. माझी रूममेट स्मिता मला न्यायला आली.

"तूच कर माझं काम. संवाद पाठ आहेत तुला," मी म्हणाले.

"तुझी नऊवारी मला घोट्याच्या वर येईल."

"येऊ दे."

ती गेली. मी लॅबमध्ये दात लावत बसले. हॉलमधला हशा ऐकू येत होता आणि मला रडू येत होतं. घरी निघालेले सर आत डोकावले, एक दाढ जराशी सरकवली आणि गेले.

शुक्रवारी मेणातले दात बसवून बघितले, ते जुळले. शनिवारी पक्की कवळी चपखल बसली. आण्णा आरशात बघतच राहिले. "थोरल्या भावासारखा दिसाय लागलो की मी," ते म्हणाले. सरांनी माझ्या कोट्याच्या वहीत सही केली. नाटकातलं बक्षीस स्मिताला मिळालं.

आठवड्याने आण्णा बुंदीचे लाडू घेऊन आले.

"लग्नात जेवताना काही त्रास?" मी विचारलं.

"न्हाय. जेवताना खिशात ठेवलीती. फोटूला घातली."

त्यानंतरही मी तालमींना गेले, रंकाळ्यावर भटकले, पासही झाले. फक्त बाइटच्या दिवशी दुसरं काही ठरवलं नाही. आजही माझ्या दवाखान्यात बाइटच्या पेशंटला मी दिवसातली शेवटची वेळ देते, म्हणजे घाई होत नाही. कवळी नीट बसवणं माझं काम. ती तोंडात ठेवायची की खिशात, हे पेशंट ठरवतो.