शिवकांताचा डावा पाय

पाठीत उसण भरली की मुरुडच्या आसपासची माणसं आधी शिवकांताचं दार गाठायची, दवाखाना नंतर.

आता उसण म्हणजे काय, ते ज्याची भरते त्यालाच ठाऊक. बसलं तर उठता येत नाही, उठलं तर शिंकायची चोरी. असा माणूस कण्हत कुंथत तिन्हीसांजेला यायचा आणि उंबऱ्यापाशी पालथा पडायचा. शिवकांता पिठाच्या हातांनीच बाहेर यायची, डावा पाय त्याच्या पाठीला तीनदा लावायची आणि म्हणायची, "उठा, जावा घरला." पैसा नाही, नारळ नाही. ती पायाळू होती. आईच्या पोटातून डोक्याऐवजी पाय आधी बाहेर आलेली. अशा माणसाच्या पायाला गुण असतो हे आपल्याकडं शेंबडं पोरही सांगतं. आणि तेच पोर हेही सांगतं, की पायाळूवर वीज पडते.

तिचं माहेर निलंग्याकडचं. दोन मुलींच्या पाठीवर तिसरी मुलगीच झाली म्हणजे घरात काय अवकळा पसरते ते मी सांगायला नको. पण ही पायाळू निघाली आणि वारंच फिरलं. आजीनं बाळंतिणीला स्वतःच्या हातानं तुपाचा शिरा करून घातला म्हणे. पोरगी पाच वर्षांची झाली तशी गावातली मोठमोठी माणसं तिच्यापुढं आडवी व्हायला लागली. एरवी थोरल्या माणसाला चुकून पाय लागला तर पोरं पटकन पाया पडतात. ही चिमुरडी गावच्या मास्तरच्या पाठीवर खुशाल पाय ठेवायची आणि मास्तर वर म्हणायचा, "अजून जरा दाब गं माय." थोरल्या दोघी बहिणी चौथीतून घरी बसल्या. हिला दहावीपर्यंत शिकवलं. पायाळू पोरीला नाराज कोण करणार?

ढग गडगडले की मात्र हे सगळं कौतुक संपायचं. आई जगदेवी, तिला ती अव्वा म्हणायची, पोरीला ओढत आतल्या खोलीत न्यायची, लाकडी पाटावर बसवायची आणि वरून घोंगडी टाकायची. घोंगडीखाली शिवकांता कानात बोटं घालून शिवशिव म्हणत बसायची. ही भीती तिच्याबरोबरच वाढली आणि सासरीही आली.

नवरा वैजनाथ. मुरुडच्या बाजारात त्याचं दोर-कासऱ्यांचं दुकान, गावात शाळेच्या मागं तीन एकर रान. माणूस मोठा चेष्टेखोर. "लोकं लांबून येऊन हिची लाथ खातेत, मला घरबसल्या मिळती," असं चार पाहुण्यांत सांगायचा आणि शिवकांता लाजून पदर तोंडाला लावायची. पाऊस आला की म्हणायचा, "इजेला काय तुझा पत्ता ठाव हाय का गं?" ती चिडायची, तो खदाखदा हसायचा. दोन लेकरं झाली, थोरली अक्षरा आणि धाकटा शिवम. संसार गुण्यागोविंदानं चाललेला. दृष्ट लागली म्हणावं तर कुणाची, हेही कळलं नाही.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. परतीचा पाऊस अंगावर, सोयाबीन कापून रानात गंज लावलेली. वैजनाथ बाजाराला गेला होता. दुपारी आभाळ भरून आलं तशी अक्षरा उठली. चौदा वर्षांची पोर, आईच्या आधी तिलाच गंजीची काळजी. "आई, ताडपत्री टाकून येते," म्हणाली आणि पळाली. थोड्या वेळानं तिचा फोन आला.

"आई, ताडपत्री एकटीला धरंना झालीय. वाऱ्यानं उडायलीय. ये की गं."

"मी कशी येऊ बाई? ईज कडकडायलीय, दिसंना का तुला? मी आले की माझ्यामागं यील ती. ऱ्हाऊ दे गंज, घरी ये तू."

"भिजंल की सगळं. आप्पा किती राबलेत. एक टोक धर फकस्त, लगीच येऊ माघारी."

रान घरापासून सात मिनिटांवर. शिवकांतानं एक पाय उंबऱ्याबाहेर टाकलाही. तेवढ्यात आभाळ लखलखलं आणि तिनं तो मागं घेतला. भिऊन घेतला हो, पण नुसतं स्वतःसाठी भिऊन नाही. आपण गेलो तर वीज पोरीवर नेऊ, हे तिला दिवसाच्या उजेडाइतकं स्पष्ट दिसत होतं. म्हणून ती दारातच उभी राहिली. अर्ध्या तासानं माणसं पळत आली ती तिला न्यायलाच; गंजीपाशी अक्षरावर वीज पडली होती.

लिंगायतांच्या रीतीप्रमाणं अक्षराच्या कपाळाला विभूती लावून तिला त्याच रानाच्या कोपऱ्यात बसवून पुरलं. शिवकांता दोन दिवस पाणी प्याली नाही. बायका धरून बसल्या होत्या, कारण ती उठली की विहिरीच्या वाटेला लागायची. तिसऱ्या दिवशी वैजनाथ तिच्याजवळ येऊन टेकला. त्याच्या डोळ्याला पाणी नव्हतं. तो म्हणाला, "गेली न्हाईस ते बरं केलंस. तू पायाळू. दोघी गेल्या असत्या." त्या एका वाक्यावर शिवकांतानं त्या दिवशी घोटभर पाणी घेतलं. पुढंही जेव्हा जेव्हा तिचा बांध फुटायचा तेव्हा वैजनाथ तेच म्हणायचा, दोघी गेल्या असत्या. तेवढ्यानं ती पदर तोंडावरून फिरवून पुन्हा चुलीपुढं बसायची.

आणि हा एकेकाळचा चेष्टेखोर गडी त्यानंतर पुरता बदलला. बाजारात कुणी कमरेला हात लावून चालताना दिसला की गाडीवर बसवून घरी आणायचा, "आमच्या हिचा पाय लावून घ्या" म्हणून. ढग दिसले की दुकान पोरसवदा गड्यावर टाकून यायचा आणि आतल्या खोलीत तिच्या शेजारी बसायचा. गाव म्हणायचं, लेक गेल्यावर वैजनाथला पटलं.

शिवमला मात्र पटलं नाही. तो नांदेडला कॉलेजात शिकायला गेला आणि पहिल्याच सुट्टीत आईला समजावून सांगायला बसला. वीज उंच झाडावर पडते, मोकळ्या रानातल्या माणसावर पडते, ती काय जन्माची चौकशी करून येते का? पोरगं खरं तेच बोलत होतं. पण खरं बोलायलाही जागा बघावी लागते, हे त्या वयात कुठलं कळायला? शिवकांताचा चेहरा पांढराफटक पडला. वैजनाथ ताटावरून उठला आणि म्हणाला, "परत आईपुढं हे काढलंस तर या घरात पाऊल टाकू नगंस." शिवमनं पुन्हा काढलं नाही. आईलाही त्याच्याशी धड बोलायला दोन महिने लागले.

यंदा उन्हाळ्यात जगदेवी पडली, खुब्याचं हाड मोडलं. ऐंशीच्या पुढची म्हातारी, गावाकडं बघणारं कुणी नाही, म्हणून शिवकांतानं तिला आपल्याकडं आणलं. वैशाखातल्या एका दुपारी वळीव आला. कडाडकन वीज झाली तशी शिवकांता, पन्नाशीची बाई, गोधडी डोक्यावर घेऊन आईच्या खाटेपाशी जमिनीवर बसली. थरथर कापत होती. म्हातारीला ते बघवेना. तिनं हात खाली सोडला आणि गोधडीवरून लेकीचं डोकं चाचपलं.

"नगं भिऊ गं माजी बाय. तुला काय बी व्हत न्हाई. तू पायाळू न्हाईसच."

"काय बडबडायलीस अव्वा?"

"सरळ झालीस तू. डोसक्यानं. तिन्ही बाळंतपणांत तुझंच सोपं." म्हातारी इतक्या वर्षांचं गाठोडं सोडत होती, तिला थांबवतो कोण? "सासू म्हणली व्हती, तिसरी बी पोरगी झाली तर तुला म्हायेरी धाडते, दुसरी करून आणते. मी लई रडले. मंग सुईणीलाच कीव आली. ती म्हणली, थांब, मी भाईर जाऊन सांगते पायाळू हाय म्हणून. पायाळूला टाकत न्हाईत."

"अन् लोकांच्या पाठी? त्या कशा बऱ्या झाल्या गं?"

"उसण बाई ती. चार दिसांनी जातीच."

म्हातारीला वाटलं, आपण लेकीला सोडवलं. जीव हलका करून ती झोपीही गेली. तिला अक्षराची आठवणही झाली नसेल, किंवा झाली असेल तरी हे त्याला जोडून येईल असं वाटलं नसेल. शिवकांता तिथंच बसून राहिली. बाहेर विजा चमकत होत्या आणि तिला आता त्यांचं काही वाटत नव्हतं. तिच्या कानात एकच चाललं होतं, एक टोक धर फकस्त.

मग तिनं मनाशी भांडण मांडलं. म्हातारी भ्रमलीय, परवा मला थोरलीच्या नावानं हाक मारली. पण सुईण काय म्हणाली, सासू काय म्हणाली, हे कसं नीट सांगितलं? हजार माणसं बरी होऊन गेली, ती काय उगीच? पण चार दिवसांनी तर कुणीही बरं होतं. दुसऱ्या संध्याकाळी एक माणूस दारात आडवा झाला. शिवकांतानं पाय उचलला आणि तो हवेतच राहिला. "माजाच पाय मुरगाळलाय," म्हणून तिनं त्याला परत पाठवलं. जन्मात पहिल्यांदा.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी ती जीपनं मुरुडला गेली आणि दुकानाच्या पायरीवर जाऊन उभी राहिली. वैजनाथ दोराला गाठ मारत होता.

"काय गं? अव्वाला काय झालं का?"

"अव्वा बरी हाय." ती दोरांच्या ढिगावर बसली आणि म्हातारीचं सगळं बोलणं तिनं जसंच्या तसं सांगून टाकलं. वैजनाथची गाठ काही पुरी होईना.

"आता बोला. मी त्या दिशी गेले असते तर?"

"दोघी गेल्या असत्या." अकरा वर्षं म्हणत आला तेच, त्याच आवाजात.

"कशा? मी पायाळूच न्हाई म्हणल्यावर ईज माझ्यामागं कशाला यील?" त्यानं गाठ सोडून पुन्हा मारायला घेतली. "अव्वा भरमलीय म्हणा. एवढंच म्हणा हो. तुमी म्हणलात तर मी मानते."

यासाठीच आली होती ती. त्यानं नुसतं हूं म्हटलं असतं तरी ती उठून घरी गेली असती आणि संध्याकाळी पुन्हा लोकांच्या पाठीला पाय लावला असता. अकरा वर्षं ज्या माणसानं हे ओझं पेललं त्याला आणखी एक शब्द काय जड होता? पण माणसाची ताकदही कुठंतरी संपतेच.

"मी कवाच मानलं न्हाई," वैजनाथ म्हणाला.

"काय?"

"पायाळूवर ईज पडती, हे. लगीन झाल्यापासनं न्हाई. चेष्टा करीत व्हतो न्हवं मी?"

शिवकांता त्याच्याकडं बघत राहिली. बाजारातून माणसं आणणारा, ढग दिसले की धावत येणारा, पोटच्या पोराला घराबाहेर काढायला निघालेला माणूस. "मंग पयल्यांदा तुमीच म्हणलात ना, दोघी गेल्या असत्या म्हणून?"

"तू हिरीकडं पळायलीस. एक नुकती पुरून आल्तो. दुसरी कशी जाऊ देऊ?"

"माजा राग आला न्हाई तुमाला?"

समोरून बाजार वाहत होता.

"आला. लई आला. ताडपत्रीला दोन माणसं असली की किती येळ लागतो? पाच मिनिटं. हितं बसल्या बसल्या रोज तुमा दोघींकडनं मी ती गंज झाकून घेतो. रोज तुमी दोघी भिजत घरी येता."

"मंग अकरा वर्षं तुमी एकट्यानंच..."

वैजनाथनं मान हलवली आणि हातातला दोर तोंडावर धरला. लेकीला पुरताना न रडलेला माणूस भर बाजारात हुंदके द्यायला लागला. शिवकांतानं उठून दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं आणि त्याच्या शेजारी येऊन बसली. एरवी आधी ती रडायची आणि तो समजूत घालायचा. अक्षरासाठी दोघं मिळून रडली, ती त्या दिवशी पहिल्यांदा.