पहिल्याच खेपेला बिनचूक

लोर्ना कोस्की कुणावर सहजासहजी विश्वास ठेवत नाही, आणि तिचं बरोबरच आहे. रक्तातली साखर मोजणाऱ्या यंत्रांचे आकडे फोनवर दाखवणारा तिचा प्रोग्रॅम फुकट आहे, सगळ्यांना खुला आहे. कोणीही त्यात दुरुस्ती सुचवावी. पण एक आकडा चुकला तर कुणाचं तरी पोर जिवानिशी जायचं. म्हणून दुरुस्ती आत घ्यायची की नाही, हे ती एकटी ठरवते. वय झालं, नजर अधू झाली, तरी एकटीच.

शनिवारी अमेरिकेतल्या आमच्या डुलूथ गावच्या लायब्ररीत ती नवख्यांना शिकवते. मी कॉफी करतो आणि गंमत बघतो. "एका वेळी एकच बदल करा, का केला ते लिहा, आधी स्वतः चालवून बघा," असं ती घसा फोडून सांगते. लोक माना डोलावतात आणि घरी जाऊन एका ओळीच्या दुरुस्तीपायी अख्खी फाइल उलटीपालटी करून पाठवतात.

नोव्हेंबरात हिबिंग गावच्या डेस्मंड राइस नावाच्या माणसाची दुरुस्ती आली. एका नव्या यंत्राचे आकडे फोनवर उमटत नव्हते, ते या दुरुस्तीने उमटत होते. बदल छोटा, चाचणीसकट, बिनचूक.

"पहिल्याच खेपेला? ह्याला कुणीतरी पढवून पाठवलाय," लोर्ना म्हणाली. "आधी गोड वागतात, मग मागच्या दाराने काहीतरी घुसवतात." मलाही ते पटलं.

तिने त्याची उलटतपासणीच मांडली. हे असं का, ते तसं का? तो प्रत्येक वेळी शांतपणे उत्तर द्यायचा.

"चिडत कसा नाही मेला? नक्कीच चोर!"

बर्फ वितळलं तरी दुरुस्ती लटकलेलीच होती. शेवटी एका शनिवारी तो लायब्ररीतच येऊन उभा राहिला. सोबत दंडावर तेच यंत्र लावलेली त्याची मुलगी.

"हिच्या फोनवर मी कधीच चालू केलंय," तो म्हणाला. "पण बाकीची पोरं खोळंबलीत हो."

"आधी सांग, इतकं बिनचूक करायला तुला शिकवलं कुणी?"

"तुम्हीच. प्रोग्रॅमसोबत नवख्यांसाठी सूचना लिहिल्यात ना? वाचल्या, तसं केलं."

"सगळ्या वाचल्यास?"

"मग अर्ध्याच वाचायच्या असतात का?"

मुलगी खुदकन हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लोर्नाने तिथल्या तिथे दुरुस्ती आत घेतली. मग स्वतः केलेला ताजा बदल उघडून लॅपटॉप त्याच्याकडे सरकवला.

"आजपासून माझं काम तू तपासायचं. तू हो म्हटल्याशिवाय ते आत जाणार नाही."

"अहो, पण तुम्ही मला नीट ओळखतही नाही."

"माझे डोळे दगा द्यायला लागलेत रे," ती म्हणाली. "माझ्यावर संशय घेणारं कोणीतरी हवंय."