आईचा फोटो चौथा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी गाडीला ओरखडा पडला तरी संध्याकाळी सांगून मोकळा होतो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही माझ्या आईला ओळखत नाही. ओळखत असता तर तोंड उघडलं नसतं.

मी वेबसाइट बनवतो. खारघरला छोटंसं ऑफिस आहे, दोन टेबलं आणि एक कुरकुरणारा एसी. गिऱ्हाईक म्हणजे दातांचे डॉक्टर, क्लासवाले, अधूनमधून एखादा बिल्डर. आणि ह्यातल्या प्रत्येकाला एकच गोष्ट हवी असते — होमपेजवर ते फिरणारं. "ते फोटो आपोआप सरकतात ना, ते टाका." त्याला आम्ही स्लायडर म्हणतो. माझं आणि स्लायडरचं जुनं वाकडं आहे. अहो, माणूस साइट उघडतो, पहिला फोटो दिसतो, अंगठा खाली जातो — संपलं. दुसऱ्या फोटोसाठी कोण थांबतंय? आणि चौथा? चौथा फक्त ज्याचा आहे तो बघतो. बरं, एखादा बिचारा वाचत असलाच, तर त्याचं वाक्य अर्धं असतानाच फोटो पळतो. ह्यावरून मी गिऱ्हाइकांशी तावातावाने भांडतो. पुढे काय ठेवायचं हे ह्यांना आपापसात ठरवता येत नाही, म्हणून सगळंच फिरत ठेवतात आणि एकमेकांची समजूत काढतात, की बघा, तुमचंही होमपेजवर आहे. हे सगळं मी बोलतो. चांगलं ऐटीत बोलतो.

आणि माझ्या आईला मी स्लायडरमध्ये टाकलं. चौथी.

थांबा, नीट सांगतो. मला सरळ सांगता येत नाहीये.

आम्ही इथलेच, खाडीकाठच्या गावातले. गावाच्या शेतांवर आता सेक्टर आहेत, आणि आम्ही उलव्याला सोसायटीत राहतो. आई जवळ्याची चटणी करते. सुकवलेला जवळा, म्हणजे अगदी बारीक कोळंबी, लाल मिरची, खोबरं, वरून आंबटपणाला थोडी चिंच, आणि लसूण — लसणाला हात आखडायचा नाही, हा तिचा नियम. जवळा तव्यावर टाकायच्या आधी ती स्वयंपाकघराच्या खिडक्या लावून घेते. शेजाऱ्यापाजाऱ्यांना वास नको म्हणून. पण नातेवाइकांचं विचाराल तर एकेक जण रिकामी बरणी घेऊनच आमच्याकडे येतो, आणि लग्नाच्या बोलणीला आल्यासारखा लाजत ती बरणी पुढे करतो.

काही वर्षांपूर्वी बिल्डिंगमधल्या चार बायकांनी मिळून घरगुती पदार्थ विकायचं ठरवलं. कोकणातल्या एक ताई, त्यांचे उकडीचे मोदक. दुसरीचं कोकम सरबत. तिसरी मराठवाड्याची, तिची शेंगदाण्याची चटणी. आणि चौथी माझी आई. वेबसाइट कोण करणार हा प्रश्नच नव्हता. "माजा बाला करील ना," आईनं सांगून टाकलं होतं. कॉलर ताठ करून सांगितलं असणार, साडीला कॉलर नसली तरी.

चार बायका, चार पदार्थ. पुढे कुणाला ठेवायचं? बिल्डरच्या भागीदारांना ज्यावरून झापतो, नेमकी तीच वेळ माझ्यावर आली. आणि मी काय म्हणालो असेन? "स्लायडर करू या. सगळ्यांचे फोटो फिरतील." चौघी खूश. ऑर्डरचं बटण ज्याच्या त्याच्या फोटोवरच दिलं, दाबलं की थेट त्या बाईला फोन. क्रम मी लावला. मोदक, सरबत, शेंगदाण्याची चटणी, आणि सगळ्यात शेवटी आई.

आईला म्हणालो, आपण घरचे ना गं. पंगतीत घरची माणसं शेवटी बसतात.

तिला ते इतकं पटलं! जन्मात कधी पहिल्या पंगतीला बसलेली नाही ती. हळद असो, बारसं असो, वाढून वाढून कंबर मोडली की मग शेवटी भिंतीला टेकून जेवणार. "बरोबर हाय," म्हणाली, "लोकांना आदी जेवू दे." पण शेवटच्या पंगतीला निदान कुणीतरी भाताचं पातेलं झाकून ठेवतं हो. इथे तसं काही नसतं. तिला ते ठाऊक नव्हतं. मला होतं. माझा धंदाच तो.

साइट सुरू झाली आणि मोदकवाल्या ताईंचा फोन थांबेना. सरबताला थोडे आले. आई जवळा निवडायला बसायची तेव्हा फोन ताटाशेजारी ठेवायची, चार्जिंग पूर्ण, आवाज मोठा. दुपारी मला ऑफिसात निरोप, जरा एक रिंग दे, फोन बिघडलाय का बघते. मी द्यायचो. नावबिव न बघता ती उचलायची आणि एकदम वेगळ्याच आवाजात, शाळेतल्या बाईंसारखं म्हणायची, "हॅलो, नमस्कार, बोला." मी म्हणायचो, अगं मीच. "हां, चालू हाय म्हंजे," आणि ठेवून द्यायची. किती वेळा झालं असेल असं? प्रत्येक वेळी ती नमस्कार म्हणायची.

मग एकदा जेवताना तिनं विचारलं, "लोकांना आवडत नाय का रं?"

आता तुम्हीच बघा. कुठल्या फोटोवर किती जणांनी बोट ठेवलं, कुठल्या फोटोपर्यंत किती जण पोचले, हे सगळं मला दिसतं. लोकांना तिची चटणी आवडली नव्हती असं नव्हतंच, लोकांनी ती पाहिलीच नव्हती. एका वाक्यात सांगता आलं असतं. मी भात कालवत म्हणालो, "चव बदललीये गं लोकांची."

तिनं ते स्वतःच्या हातावर घेतलं. दुसऱ्या दिवसापासून तिनं चटणी बदलायला सुरुवात केली. कधी मिरची कमी, कधी खोबरं जास्त, कधी जवळा दुसऱ्या कोळणीकडचा. आणि प्रत्येक वेळी बशीत चिमूटभर घेऊन माझ्यापुढे उभी — बघ, आता कशी झाली? मी काय केलं माहितीये? मी चाखली. मान तिरकी करून, विचार केल्यासारखं दाखवून चाखली. आणि म्हणालो, "लसूण जरा कमी कर."

कशाला म्हणालो? काहीतरी म्हणायला हवं होतं म्हणून. तिला वाटायला हवं होतं की चूक चटणीत आहे.

तुम्ही म्हणाल, अरे मग क्रम बदलायचा. चहा उकळेपर्यंत होणारं काम. मी स्वतःलाही बरीच वर्षं एक उत्तर देत आलोय, की मोदकवाल्या ताईंना वाईट वाटलं असतं, आईलाच पुढे काढलं असं बिल्डिंगमध्ये बोलले असते. छान उत्तर आहे. खोटं आहे.

त्याच्याही आधीची एक गोष्ट सांगतो, म्हणजे कळेल. मी बेलापूरला नोकरीला होतो तेव्हा आईनं एकदा ऑफिसातल्या सगळ्यांसाठी बरणीभर चटणी दिली होती. वरती प्लॅस्टिक, त्यावर रबर, त्यावर फडकं. मी ती दिवसभर स्कूटरच्या डिकीत ठेवली. वर नेलीच नाही. तिथे सगळे कॉफी पीत इंग्रजीत बोलणारे, त्यांच्यापुढे मी सुकटीचं झाकण उघडणार? घरी रिकामी बरणी नेली आणि सांगितलं, अगं, बोटं चाटून खाल्ली सगळ्यांनी. आतलं काय केलं ते — नाही, सांगायला बसलोय तर सांगतो. स्टेशनबाहेरच्या कचऱ्याच्या डब्यात ओतली. चमच्यानं खरवडून ओतली, बरणी स्वच्छ दिसावी म्हणून. आई त्या दिवशी इतकी खूश होती की तिनं मावशीला फोन करून सांगितलं.

म्हणजे कळलं ना? ती साइट मी नव्या गिऱ्हाइकांना दाखवायचो, माझं काम म्हणून. सुंदर झाली होती ती. आणि उघडल्या उघडल्या पहिल्या नजरेला जवळा दिसायला नको होता मला. केळीच्या पानावरचे पांढरेशुभ्र मोदक दिसायला हवे होते. चौथा नंबर म्हणजे तीच डिकी. मला आईची लाज वाटत होती. तिच्या चटणीची नव्हे, उगाच चटणीवर ढकलत नाही. आईची. फोटोत बरणीभोवती तिचे हात आहेत, हिरव्या बांगड्यांचे, नखांत हळद गेलेले. मीच काढलाय तो फोटो. माझ्या सगळ्या कामात तो सगळ्यात चांगला फोटो आहे, आणि तो कुणाला दिसू नये अशी सोय मीच केली.

तिला एकटीला तो दिसायचा. फोन हातभर लांब धरून ती साइट उघडून बसायची. बोटानं सरकवता येतं हे तिला माहीत नव्हतं, मीही कधी दाखवलं नाही. तिला वाटायचं, आपली पाळी आली की येतो. मोदक जाऊ द्यायची, सरबत जाऊ द्यायची, शेंगदाण्याची चटणी जाऊ द्यायची, मग म्हणायची, "आला." रोज. सबंध नवी मुंबईत त्या फोटोसाठी थांबणारं एकच माणूस होतं.

परवाच्या रविवारी मी लॅपटॉप घेऊन बसलो होतो, ती शेजारी येऊन बसली.

"बाला, माजा फोटू काढून टाक त्यातना. कोन मागवत नाय. उगा बाकीच्यांचा टाइम खातंय."

तेव्हा तरी सांगता आलं असतं. ती इतकी जवळ बसली होती की तिच्या पदराला लागलेलं पीठ माझ्या बाहीला लागत होतं. मी म्हणालो, "बरं." आणि तिच्यासमोर तो फोटो काढून टाकला. तिनं चष्मा लावून फोनवर बघितलं. मोदक, सरबत, शेंगदाण्याची चटणी, परत मोदक. "आता बरं झालं," म्हणाली, "थांबाया लागनार नाय कोनाला." माझ्या पाठीवरून हात फिरवला, दमतोस रे तू, म्हणाली, आणि उठून स्वयंपाकघराच्या खिडक्या लावायला गेली. सोमवारच्या डब्याला मला चटणी हवी असते.

सोमवारी ऑफिसात डबा उघडला. लसूण कमी होता.