दुसरी चिठ्ठी

आज बुद्धवंदना आटोपून बाहेर आले, तर शेजारचे शहादेवभाऊ ऊसतोडीला निघायच्या तयारीत. त्यांच्या अकरावीतल्या पोरीचं, वनिताचं, गाठोडंही ट्रॉलीत चढलेलं. अभिमन्यू सर तिला क्लासमध्ये फुकट शिकवणार होते, राहणं माझ्याकडे. पण शहादेवभाऊंची अट होती, "सरांनी माझ्यासमोर एक गणित घालावं. आलं तर राहील, न्हाईतर येईल भाकरी थापायला."

सरांनी गणित घातलं. टोळीत पाच पुरुष, पाच बाया. दहा नावांच्या चिठ्ठ्यांतून दोन उचलायच्या. पहिली पुरुषाची निघाली, तर दुसरी बाईची निघण्याची संभाव्यता किती?

"एक," वनिता लगेच म्हणाली. म्हणजे नक्कीच निघणार.

सरांचा चेहरा उतरला. "कावून?"

"नवरा आला की बायको आलीच. मुकादम एकट्याला कुठं घेतो?"

मी मनात त्रिशरण म्हणू लागले. सर म्हणाले, "मुकादमाला सोड. एक चिठ्ठी गेली. आता डब्यात काय उरलं?"

वनिताने बोटांवर मोजलं. मग म्हणाली, "नऊ उरल्या. त्यात बाया पाच. पाच नवमांश."

"बरोबर."

शहादेवभाऊ हलले नाहीत. "सर, पैलं उत्तर चूक कसं? टोळीत तसंच हाय."

"टोळीत बरोबर, पेपरात चूक."

शहादेवभाऊ ट्रॉलीवर चढले. आता पोरीला हाक मारतात की काय, असं मला वाटलं. त्यांनी तिचं गाठोडं उचललं आणि माझ्या हातात दिलं.

"ताई, तिला वांगं चालत न्हाई," एवढंच म्हणाले.