तीनच का, शून्य का नाही?

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट वाचला आणि म्हणाल्या, "नाना, अल्कोहोलिक हिपॅटायटिस आहे."

मी विचारलं, हे जेवणाआधी घ्यायचं की नंतर? त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, दारूनं लिव्हरला सूज आलीय, म्हणून डोळे पिवळे. शेजारी बायको बसलेली, तीबी हसली नाही.

ज्यांच्या घरात माझ्यासारखा एखादा आहे, किंवा जे स्वतःच माझ्यासारखे आहेत, त्यांच्यासाठी सांगतोय. मला सहीपुरतंच लिहिता येतं. मी बोललो, धुळ्याच्या मेव्हण्याने लिहून घेतलं. त्याला बजावलंय, माझी लाज कमी करून लिहू नको.

मी नशिराबादजवळच्या खेड्यातला. थंडीत आमच्याकडे शेताशेतांत भरीत पार्ट्या होतात, तिथं भरीत करणारा मी. वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजायची आणि बडगीत, म्हणजे लाकडाच्या खोलगट भांड्यात, ठेचायची. आमच्या भागात पार्टीचा मालक काड्या पेटायच्या आधी आचाऱ्याच्या हातात बाटली ठेवतो, अशी रीत पडलीय. मी रीत मोडणारा माणूस नाही. थंडी संपली, वांगी संपली, तरी मी रीत पाळत राहिलो.

यंदा दिवाळीनंतर भूक मेली. सकाळी उलट्या, पायांवर सूज, मग डोळे पिवळे. मी काविळीची माळ घालणाऱ्याकडे गेलो. त्याने तेल, तिखट आणि वांगं बंद सांगितलं. दारूचं नाव त्याने घेतलं नाही, मग मी कशाला आठवण करून देऊ? पंधरा दिवस अळणी खिचडी खाल्ली आणि वरून देशी प्यायलो. पथ्य इतकं कडक पाळलं की गावात कौतुक झालं.

शेवटी जळगावला रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली. मेव्हण्याने धुळ्याला या डॉक्टरीणबाईंकडे आणून भरती केलं.

पहिले तीन दिवस विथड्रॉवलचे. म्हणजे दारू बंद झाली की अंग जो दंगा करतं, तो. हात थरथरायचे, घाम फुटायचा. भिंतीवर मुंग्या दिसायला लागल्या, मी सिस्टरकडे झाडू मागितला. सलाईन आणि गोळ्यांवर ते निघालं. एक ऐकून ठेवा, रोज पिणाऱ्याने घरी बसून एकदम बंद करू नये. जिवावर बेततं. डॉक्टरांच्या नजरेखाली सोडा.

चौथ्या दिवशी डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून बसल्या. बोलणी खायची मला सवय आहे, मी तयारीतच होतो. आधीच म्हणालो, पोरीची शपथ घेतो.

त्या म्हणाल्या, "शपथ नको नाना. पिण्यात तुम्हाला चांगलं काय वाटतं, ते सांगा."

असं मला कोणी विचारलंच नव्हतं. मी सांगितलं, दोन घोट गेले की विनोद सुचतात, लोक हसतात, चार माणसांत नाना लागतो. मग त्यांनी वाईट काय वाटतं ते विचारलं. मी म्हणालो, बाटली संपते ते. त्या थोडंसं हसल्या आणि म्हणाल्या, दारू सोडणं तुम्हाला किती गरजेचं वाटतं, शून्य ते दहामध्ये सांगा. मी म्हणालो, तीन. वाटलं, आता भडकतील.

"तीनच का, शून्य का नाही?"

या प्रश्नावर माझ्याकडे विनोद नव्हता. उत्तर होतं, आणि बायको शेजारीच बसलेली.

पोरगी पारोळ्याला दिलीय. पहिलं बाळंतपण माहेरी, आमच्यात तसंच असतं. दिवाळीत तिला सातवा लागला होता. मी एकटाच आणायला गेलो, वाटेत मूठभर बडीशेप चावली. पोरगी दारातच म्हणाली, "आबा, मी नाही येत. अचानक दुखायला लागलं तर मला कोण नेणार, आणि तुम्हाला कोण धरणार?"

गावात मी सांगत फिरलो, सासरचे लई लाड करतात, सोडतच नाहीत. बायकोला सांगितलं, विहीणबाईंनी पाठवलं नाही. बायकोने महिनाभर विहिणीशी बोलणं टाकलं होतं. पोरीनेही फोनवर आईला खरं सांगितलं नाही, मलाच सांभाळून घेतलं.

हे सगळं मी खाली बघून सांगितलं. बायकोचं माहेर धुळ्याकडचं, ती तिच्या बोलीत एवढंच म्हणाली, "म्हंजे इहीनबाईनी काहीच चूक नही शे?"

मी मान डोलावली. ती उठून बाहेर गेली. भिंतीवर पुन्हा मुंग्या दिसल्या असत्या तर बरं झालं असतं, तिकडे तरी बघितलं असतं.

डॉक्टरीणबाईंनी उपदेश केला नाही. म्हणाल्या, "पोरीने तुमच्या भरवशावर घरी यावं, असं तुम्हाला वाटतंय." मी तसं बोललो नव्हतो, पण वाटत तेच होतं. मग विचारलं, या आठवड्यात तुम्हाला काय जमेल? तुम्हीच सांगा.

मी म्हणालो, पुढच्या पार्टीच्या मालकाला सांगेन, माझी बाटली आणू नका. तिथंच फोन लावला. मालक म्हणाला, नाना, मग भरताला चव कुठून येणार? उत्तर जिभेवर आलं होतं, गिळलं. म्हणालो, "दारूनं आजारी पडलोय, भाऊ." ते मी पहिल्यांदा बोललो.

सगळं सुरळीत झालं असं नाही. घरी आल्यावर तिसऱ्या पार्टीत प्यायलो. तोंड लपवत डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी विचारलं, आधीच्या दोन पार्ट्यांत कसं जमलं होतं? मी नापास झालेलं सांगायला गेलो, त्यांनी पास झालेलं विचारलं. लिव्हरची सूज उतरतेय म्हणतात. तपासण्या चालू आहेत.

नात पारोळ्यालाच झाली. आम्ही गेलो. बायको विहीणबाईंचे हात धरून रडली, मी नुसते हात जोडले. पोरगी म्हणाली, "आबा, बसून घ्या." मी मांडी घालून बसलो. तिने बाळ माझ्या मांडीवर ठेवलं, पण बाळाखालचा आपला हात काढला नाही.

हात काढ, असं मी म्हणालो नाही. काढावासा वाटेल तेव्हा ती काढेल. तोवर मी असाच बसून राहीन.