मला कुठं ठेवायचं याची बैठक

मी सातवीत असताना मला कुठं ठेवायचं हे ठरवायला आमच्या घरच्यांची बैठक भरली. माझ्या डाव्या हाताला प्लॅस्टर होतं. वडिलांनी दारूच्या भरात तो पिरगाळला होता. शाळेत मी ‘घरच्या जिन्यावरून पडले’ असं सांगितलं. पण आम्ही बैठ्या चाळीत राहायचो आणि हे वर्गशिक्षिकेला ठाऊक होतं. तिनं बालसंरक्षण कार्यालयात कळवलं. तिथल्या मॅडम घरी आल्या आणि आईला म्हणाल्या की नातेवाईक बोलवा, मुलगी सुरक्षित कुठं राहील ते मिळून ठरवा, मी लिहून घेते. तोवर मला मामाकडे ठेवलं. मामीला हे कोणी विचारलं नव्हतं.

रविवारी डोकमर्डीच्या वस्तीत मामाच्या खोलीवर सगळे जमले. मामा राखोलीच्या कारखान्यात ड्युटीवर होता, त्यामुळे सगळा कारभार मामीकडे. घरात एकच खुर्ची. ती कोणाला द्यायची यात दहा मिनिटं गेली. मॅडम ‘मी खाली बसते’ म्हणाल्या, त्याबरोबर धुळ्याकडून आलेले मोठे काका खुर्चीत बसले. वडील दाढी करून, केसांना तेल लावून, मुलगी बघायला आल्यासारखे भिंतीला टेकले होते.

काकांनी घराण्याच्या इज्जतीपासून सुरुवात केली. मध्येच त्यांना पित्त आठवलं, म्हणून बिनदुधाचा चहा झाला. माझ्या हातापर्यंत यायला पाऊण तास लागला.

“पोरीच्या जातीला थोडा धाक पाहिजेच,” काका म्हणाले. “मन वाईट नाही त्याचं. हात जरा जड आहे.”

“मग तो कंपनीत चालवा म्हणावं,” मामी ओट्यापासून म्हणाली. “तिथं पगार तरी मिळतो.”

वडील खाली बघत म्हणाले, “ती पडत होती. मी धरायला गेलो.”

 आई माझ्या प्लॅस्टरकडे बघत म्हणाली, “नाही. तुम्ही पिरगाळला. मी तिथंच होते.”

आईनं त्यांना चारचौघांत खोडून काढलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.   काकांनी घाईनं तोडगा काढला. “मी गावी नेतो हिला. घरकाम शिकेल.”

“आणि शाळा?” मामीनं विचारलं.

“शाळेचं काय, बघू.”

मॅडमनी पेन थांबवलं आणि त्यांच्या हिंदीत विचारलं, “बच्ची से किसी ने पूछा?”

मी खोलीत आहे हे तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं.

“मामीकडे,” मी म्हणाले. “मामी खूप ओरडते, पण मारत नाही.”

“मी ओरडते?” मामी ओरडली.

मॅडम मान खाली घालून लिहू लागल्या. त्यांचे खांदे हलत होते.

ठरलं असं: मी मामीकडे राहायचं, वडिलांनी फक्त रविवारी, न पिता, मामीच्या समोर भेटायचं, पिऊन आले तर मामीनं मॅडमना फोन करायचा. सगळ्यांनी सह्या केल्या. काकांची सही सर्वांत मोठी होती, आणि पुढं गावात हा निकाल आपणच लावला असं ते सांगत राहिले.

निघताना आई दारात घुटमळली. “आणि मी?”

“तू पण ये,” मामी म्हणाली. “जागा नाही, पण ये.”

आई तेव्हा परत गेली. दोन महिन्यांनी मात्र कपड्यांची पिशवी घेऊन आली.

वडील काही रविवार आले. एकदा पिऊन आले, तेव्हा मामीनं त्यांना दारातच थांबवून फोन लावला. नंतरच्या रविवारी ते शुद्धीत येऊन बसले, माझ्या प्लॅस्टर काढलेल्या हाताकडे बघत. आम्हाला बोलायला क्रिकेट सोडून काही सापडायचं नाही. मग त्यांनी कंपनी सोडली आणि ते गावी गेले. मामीनं मला जवळ घेऊन ते सांगितलं, मी रडेन म्हणून. मला वाईट वाटायला हवं होतं. मी विचारलं, आता रविवारी उशिरा उठलं तर चालेल का.